जुन्या पिकअपच्या इंजिनाची पारख

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

कलमांची ने-आण करण्यासाठी जुना पिकअप घेण्याचा तुझा विचार मला पटला. रोपवाटिकेच्या धंद्यात गाडीभाडे नफा कसा खाते, हे तुला मी सांगायला नको. परंतु तू पाठवलेल्या फोटोंत धुऊन लख्ख केलेले इंजिन दिसते, आणि त्यावरून मला काहीच कळत नाही, कारण गळती कुठून होत होती हे दाखवणारा तेलकट थरच धुण्यात निघून गेलेला असतो. मीटरच्या आकड्यावरही विसंबू नकोस. क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल आणि मीटर मात्र कमी दाखवत असेल, तर पेडलवर विश्वास ठेव.

मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेव की, तू पोहोचेपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गेल्याबरोबर बॉनेट उघडून इंजिनाला हात लावून पाहा. ते कोमट लागले, तर त्या दिवशी व्यवहाराचे बोलूच नकोस. गार डिझेल इंजिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात पकडले पाहिजे. सुरुवातीला थोडी पांढरी वाफ दिसली, तर आपल्या दमट हवेत तिचे काही वाटून घेऊ नये. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कुलंट (इंजिन गार ठेवणारे पाणी) कमी होत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचे डोके आणि ब्लॉक यांमधली सांधा बंद ठेवणारी पट्टी, गेल्याचा संशय घ्यावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. ऑइल मोजण्याच्या पट्टीवरचे (डिपस्टिकवरचे) ऑइल काळे दिसले म्हणून घाबरू नकोस, डिझेल इंजिनात ते बदलल्यावर लवकरच काळे होते. दुधाळ चहासारखे दिसले, तर मात्र त्यात पाणी मिसळले आहे. इंजिन सुरू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून त्यावर तसेच ठेव. ते जोराने उडू लागले आणि आतून धुराचे भपके आले, तर फिटर ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात तो प्रकार आहे: पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि इंजिन बांधण्याचा खर्च समोर उभा आहे.

रिकामी गाडी गावात फिरवून इंजिनाचा दम समजत नाही. हौद्यात थोडे चिरे भरून फोंडा घाट चढवून पाहा, कारण तुझी कलमे शेवटी याच चढावरून वर जाणार आहेत. चढावर तापमानाचा काटा चढतच राहिला, किंवा ओढ कमी होऊन काळा धूर येऊ लागला, तर एअर फिल्टरपासून इंजेक्टर आणि टर्बोपर्यंत सर्व तपासावे लागेल. माथ्यावर पोहोचल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये उभी कर आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो का ते बघ. तापलेल्या इंजिनात तो लागणे हे बेअरिंगे झिजल्याचे लक्षण असू शकते. नंतर इंजिन बंद करून गरम असतानाच पुन्हा सुरू करायला सांग.

आपल्या किनाऱ्यावर आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. मासळी वाहिलेल्या गाडीत बर्फाचे खारे पाणी खाली झिरपत राहते, म्हणून ऑइल चेंबर, रेडिएटरची जाळी आणि अर्थिंगच्या वायरी गंजल्या आहेत का, हे गाडीखाली वाकून बघ. दुसरी गोष्ट पुराची. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. पाणी शिरलेले इंजिन कोणी तसेच सुरू केले असेल, तर पाणी दाबले जात नसल्यामुळे पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो, आणि किंचित वाकलेला रॉड काही काळ कामही देतो. सीटखाली, मॅटच्या मागे आणि फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यांत सुकलेला गाळ शोध, तसेच विम्याचे जुने दावे विचार.

१ एप्रिल २०२० पासून नोंदणीसाठी बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक मानक सक्तीचे झाले, त्यामुळे त्यानंतरच्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये सहसा धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, आणि केवळ जवळच्या फेऱ्या मारलेल्या गाडीत ती तुंबते. माझे मत विचारशील तर, सर्व्हिसच्या पावत्या जपून ठेवणाऱ्या मालकाची जास्त चाललेली गाडी मी आधी पाहीन.

कर्ज फिटले असल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ (नोंदणीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा अर्ज) हाती आल्याशिवाय इसार देऊ नकोस. गाडी घेतलीस की पहिल्याच आठवड्यात ऑइल, सर्व फिल्टर आणि कुलंट बदलून घे. तेवढी रक्कम भाव ठरवतानाच बाजूला ठेव.

तुझे,
बाबा