कामगार मंत्र्यांना खुलं पत्र: गार्डला कायद्यात कुंपण म्हणतात, हे बोटं गेल्यावर कळलं

प्रति,
मा. कामगार मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

स. न. वि. वि.

साहेब, आधीच माफी मागतो. हे पत्र मी फोनवर बोलून टाइप करतोय कारण उजव्या हाताची दोन बोटं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत, आणि फोनला पूर्णविराम कुठे द्यायचा ते काही केल्या कळत नाही, तेव्हा वाक्यं लांबली तर सांभाळून घ्या. पॉवर प्रेसवर माझी बोटं गेली त्याची तक्रार केली होती, काल संध्याकाळी मेसेज आला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." बायको भाकऱ्या थापत होती, तिला म्हटलं बघ गं, निकाल लागला. म्हणाली, काय लागला? ते काय मेसेजमध्ये नव्हतं. गाळ्यावर कोणी आलं नाही, मला कोणाचा फोन नाही, "पंधरा दिवसात माणूस पाठवतो" म्हणाले होते त्याला अडीच महिने झाले, आणि तक्रार निकाली. म्हणून लिहितोय.

मी चुनाभट्टीला राहतो. साकीनाक्याला एका गाळ्यात ११ वर्षं पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापायचं विजेवरचं मशीन, चालवला. १९ जानेवारी, सोमवार, दुपारचे पावणेचार वाजले असतील, बिजागरीच्या पट्ट्यांचा जॉब चालू होता. पायडलवरून पाय काढला होता मी, देवाशपथ काढला होता, पट्टी उचलायला हात घातला आणि प्रेस दुसऱ्यांदा खाली आला. याला आमच्यात डबल मारणं म्हणतात, क्लचमधली की, म्हणजे चाक आणि प्रेस जोडणारी खीळ, घासली की होतं. गुरुवारपासून मारत होता, सुपरवायझरला सांगितलं पण होतं, तो म्हणाला ऑर्डर निघू दे, रविवारी फिटर बोलावतो. रविवार आला, फिटर नाही आला. दुखलं नाही आधी, खरं सांगतो. आधी आवाज वेगळा आला, पट्टीचा येतो तसा नाही, आणि मी बघितलं तर हातमोजा डायमध्ये, म्हणजे साच्यात, होता आणि हात बाहेर.

मशीनमध्ये हात जाऊ नये म्हणून लावतात तो गार्ड होता का? होता ना साहेब, खोटं कशाला बोलू. जाळीचा, पिवळा रंग दिलेला, भिंतीला खिळ्यावर लटकवलेला. लावला की तासाला पीस कमी निघतात आणि आमचा पगार पीसवर, त्यामुळे आम्ही पण कधी तोंड उघडलं नाही. ही माझी चूक मी लिहून देतो. आता बाकीच्यांनी आपापली लिहून द्यावी.

मग ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची, गंमत. माझी नोंदणीच नव्हती. ठेकेदार रिक्षातून मला दवाखान्यात नेत होता आणि फोनवर कोणाला तरी माझा आधार नंबर सांगत होता, मला वाटलं केसपेपरसाठी असेल. नंतर कार्ड हातात आलं तर नोंदणीची तारीख आणि अपघाताची तारीख एकच. ११ वर्षं काम केलेला माणूस कागदावर एका दिवसाचा नोकर. पगार कागदावर १२ हजार, हातात १८, आणि उपचार चालू असताना मजुरीच्या ९० टक्के मिळतात ते कागदावरच्याच बघून. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याला हे कवच आहे म्हणतात, मालकाचे सव्वातीन टक्के आणि आमचा पाऊण टक्का. तो पाऊण टक्का वाचवून माझं कोणी भलं केलं ते मला अजून कळायचंय.

बोटांचा पण रेट असतो हे तुम्हाला माहीत असेलच. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातून आलेलं कोष्टक आहे, तर्जनीची दोन पेरं गेली तर कमाईची ताकद ११ टक्के कमी, मधल्या बोटाचं एक पेर म्हणजे ७ टक्के. माझे झाले १८. बाकीचे ८२ टक्के शाबूत आहेत, त्यात शर्टाचं बटण लागत नाही, आणि बँकेत सही जुळत नाही म्हणून माझ्याच खात्यातले पैसे मला काढता आले नाहीत, मॅनेजरने दोनदा परत पाठवलं. त्या दिवशी बँकेच्या पायरीवर बसून मी रडलो साहेब, ४३ वर्षांचा माणूस. बोटं गेली तेव्हा नव्हतो रडलो.

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे यायचा प्रयत्न करतो. घरी बसून करायचं काय, तर ठरवलं की नियम काय आहे तो शोधू. मशीनला गार्ड पाहिजे असं कुठेतरी लिहिलेलं असणार ना, ते सापडलं की दाखवता येईल, एवढाच साधा विचार. भाची अकरावीला आहे, तिला बसवलं. एका सरकारी साइटवर मराठीचं बटण दाबलं, तर वरचं खात्याचं नाव मराठी झालं आणि खाली सगळं इंग्रजीच राहिलं. एक मराठी पीडीएफ मिळाली, ती शोधायला कॉपी केली तर अक्षरांच्या जागी टिंबं, आकडे, डॉलरची चिन्हं, कुठल्या तरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. दुसरी पीडीएफ म्हणजे चक्क फोटो, पान तिरकं ठेवून स्कॅन केलेलं, कडेला कोणाचा तरी अंगठा. गार्ड शब्द टाकून शोधलं, एकही निकाल नाही, फोटोत काय सापडणार. एका लिंकवर क्लिक केलं तर पान अस्तित्वात नाही. मी म्हटलं, आम्हीपण नाही.

मग भाचीने १९४८ चा कारखाना कायदा इंग्रजीत मिळवला आणि ती एक एक कलमाचं नाव वाचून अर्थ सांगायला लागली. कलम २१ आलं, फेन्सिंग ऑफ मशिनरी. ती म्हणाली मामा, हे कुंपणाचं आहे, कंपाउंड वॉल वगैरे असेल, पुढे जाऊ. मी म्हटलं पुढे जा. आठ दिवस आम्ही पुढे जात होतो. पार शेवटाच्या कलमांपर्यंत गेलो, वॉश बेसिन, थुंकदाण्या, कँटीन सगळं वाचून झालं, गार्ड कुठे नाही. शेवटी शेजारच्या चाळीतले एक काका आहेत, मिलमधून रिटायर झालेले, ते म्हणाले अरे येड्या, तेच ते, कायद्यात गार्डलाच कुंपण म्हणतात. परत जाऊन वाचलं. चक्क लिहिलंय की धोक्याच्या भागाला भक्कम संरक्षण पाहिजे आणि मशीन चालू असताना ते जागच्या जागी पाहिजे. जागच्या जागी म्हणजे खिळ्यावर नाही. १९४८ पासून लिहिलंय. माझा जन्म पण नव्हता.

त्याच कायद्यात कलम १०८ आहे, की कायद्याचा गोषवारा इंग्रजीत आणि बहुतेक कामगारांना कळते त्या भाषेत दरवाज्याजवळ, सहज वाचता येईल असा लावायचा. मी गाळ्यातल्या मित्राला फोन केला, म्हटलं बघ जरा आपल्याकडे आहे का. त्याने केबिनजवळ शोधलं, आणि काय सांगू, कालनिर्णय टांगलेलं आहे त्याच्या मागे सापडला. इंग्रजीत. फ्रेम केलेला, काचेवर तेलाचा थर. ११ वर्षं मी त्याच कालनिर्णयावर हजेरीच्या खुणा केल्यात, चतुर्थी बघितली, पगाराची तारीख बघितली. कायदा पानामागे होता आणि मी पान उलटत होतो.

बरं, हे सगळं सापडलं म्हणून उड्या मारत एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथे पहिल्या टेबलवरचे म्हणाले, हा कायदा जुना झाला, नवा कोड, म्हणजे कामगार सुरक्षेचा नवा कायदा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, तो बघा. दुसऱ्या टेबलवरचे म्हणाले, नवा राहू द्या, जुन्याच नियमांवर चाललंय. दोघांच्या टेबलमध्ये चार फूट अंतर. नव्या कोडमध्ये १३ कायदे एकत्र केलेत म्हणतात, मी मोजले नाहीत. सोपं व्हावं म्हणून एकत्र केले असं तुमच्या लोकांनी जाहीर सांगितलं होतं. केलं असेल सोपं, कोणासाठी ते सांगा फक्त. इन्स्पेक्टरचं नाव पण बदललंय, आता तो नुसता इन्स्पेक्टर नाही तर फॅसिलिटेटर सुद्धा आहे, म्हणजे मदतनीस. मालकाचा का माझा हे विचारायचं राहून गेलं.

आणि शेवटी तिसऱ्या टेबलने बॉम्ब टाकला. "तुमच्याकडे माणसं किती?" मी म्हटलं चौदा. "मग तो कारखानाच नाही." विजेवर चालत असेल तर पूर्वी १० माणसं असली की कारखाना धरायचे, आता २० लागतात. प्रेस आहे, डाय आहे, माझी बोटं गेली, पण कारखाना नाही. सहा माणसं कमी पडली. पण दहा किंवा जास्त माणसं आहेत म्हणून नव्या कोडमध्ये ती 'आस्थापना' आहे, मालकाची साधारण कर्तव्यं आहेत, हेही नंतर मीच शोधलं, टेबलवर कोणी सांगितलं नाही. त्याच कोडमध्ये आहे की मालकाने कर्तव्य पाळलं नाही म्हणून गंभीर इजा झाली तर दंड २ लाखांपासून ४ लाखांपर्यंत होऊ शकतो, आणि त्यातला निदान अर्धा जखमी माणसाला द्या असं कोर्ट सांगू शकतं. बायकोला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली कोर्टात जायला सुट्टी कोण देणार. मी म्हटलं अगं मला आता सुट्टीच आहे.

आमच्या इस्टेटमध्ये चार मजले, मजल्यावर बावीस गाळे, दहा दहा माणसं धरली तरी नऊशेच्या आसपास लोक. खालचा चहावाला म्हणतो महिन्याला एक तरी बोट जातंच, तो म्हणे लक्षात ठेवतो कारण उधारी बुडते. हा आकडा मी सरकारी म्हणून देत नाही, पण तुमच्याकडे दुसरा असेल तर दाखवा. कारण जो गाळा कारखानाच नाही तिथलं बोट कुठल्या रजिस्टरला लागणार? ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, तेव्हा गेटवर बॅनर लागला होता, पिवळ्या हेल्मेटमधला हसणारा माणूस, सगळ्यांनी शपथ घेतली. मी पण उभा होतो, बँडेजवाला हात वर करून. कोणी विचारलं नाही काय झालं.

साहेब, ही तीच मुंबई आहे जिथे नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना गोळा केलं आणि १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली. भोपाळला १९८४ ला माणसं मेली तेव्हा कुठे १९८७ ला कायद्यात घातलं की कामावरच्या धोक्याची माहिती मिळणं हा कामगाराचा हक्क आहे. एवढ्या जिवांची किंमत मोजून आलेली ती माहिती आता कुठे आहे? तिरक्या स्कॅनमध्ये आहे. मराठीला २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, आनंद आहे, पेढे मी पण खाल्ले, पण ज्या भाषेला अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे म्हणता त्या भाषेत एक पान मिळू नये ज्यावर लिहिलंय की प्रेस डबल मारत असेल तर हात घालू नको आणि अमुक नंबरला फोन कर? उद्योग यावेत म्हणून लाल गालिचे घालता, परदेशात जाऊन करार करता, फोटो येतात. मालकाला लायसन्स मोबाइलवर, आणि कामगाराला नियम बघायचा तर वकील. हे सरकार, ते सरकार, सगळे आले आणि गेले, माझे वडील पण संपाबद्दल बोलताना हेच म्हणायचे, तेव्हा मला वाटायचं म्हातारा किरकिऱ्या आहे.

अजून एक सांगतो, हे जास्त लागलं मनाला. सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे, माझ्या घरापासून चालत जाता येतं. तिथे सुरक्षेचं प्रदर्शन आहे, मशीनला संरक्षण कसं बसवतात ते दाखवणारं. त्या काकांनी सांगितलं. त्या रस्त्याने मी किती वर्षं कामावर गेलो असेन, पाटी बघून वाटायचं सरकारी आहे, आपल्याला कोण आत सोडणार.

मागायचं होतं ते राहिलंच. पैसे मागत नाही, म्हणजे मागतोय पण ते तुमच्याकडे नाही. एक पान द्या, मराठीत आणि हिंदीत, कारण गाळ्यात अर्धे लोक युपी-बिहारचे आहेत. त्यात कुंपण लिहू नका, गार्ड लिहा. प्रेस, लेथ, ग्राइंडर, वेल्डिंग, प्रत्येकाचं वेगळं. फोनवर बोललं की सापडलं पाहिजे. चौदा माणसांच्या गाळ्याला काय लागू आणि काय नाही ते सरळ सांगा, तीन टेबलं नकोत. आणि ईएसआयसीची नोंदणी अपघाताच्याच दिवशी झालेली दिसली तर तुमच्या कॉम्प्युटरला काहीतरी संशय यावा, बस.

माझ्या प्रेसवर आता लातूरकडचा एक पोरगा बसतो, एकोणीस वर्षांचा, मला दादा म्हणतो. परवा त्याला फोन केला होता. क्लचची की नवीन टाकलीय म्हणाला. गार्डचं विचारलं तर म्हणाला, दादा, तो तिथेच आहे, आम्ही त्याच्यावर नॅपकिन वाळत घालतो.

आपला,
माजी प्रेस ऑपरेटर, चुनाभट्टी

ता. क. तक्रार नंबर पाहिजे असेल तर पाठवतो. पण ती निकाली निघालेली आहे.