शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या मूर्तिकार काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गणपतीचा हंगाम तोंडावर, शेड मूर्तींनी भरलेली, आणि तशातही सहा इंची अ‍ॅक्शन फिगर घेऊन आलेल्या आम्हा मंडळींना तुम्ही बाकावर जागा करून दिलीत. कोरणी हातात घेऊन एकेक गोष्ट करून दाखवलीत. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण विकतच्या फिगरवर एपॉक्सी पुट्टी (दोन भाग एकत्र मळले की काही तासांत कडक होणारा लगदा) चढवून तिचा पैलवान, हलगीवाला किंवा फेटेवाला करणारे आपल्याकडे आणखीही आहेत आणि तुमचं सांगणं त्यांच्यापर्यंतही पोचायला हवं.

सगळ्यात मोठं देणं चुण्यांचं. पुट्टीत कपडा करताना हात आपोआप समांतर रेघा ओढत सुटतो. कपडा जिथं धरलाय, ताणलाय किंवा दाबलाय तिथूनच चुणी निघते आणि पुढं जाताना रुंद, उथळ होत विरते, हे तुम्ही शाडूच्या गोळ्यावर करून दाखवलंत. धोतराला असे तीन बिंदू असतात: कंबरेची गाठ, मागचा कासोटा आणि पुढं आलेला गुडघा. त्यामुळं आता आधी फिगरची पोझ पक्की करायची, हे तीन बिंदू मऊ पेन्सिलीनं प्लॅस्टिकवरच मांडायचे आणि मगच पुट्टी मळायची. दोन बिंदूंना जोडणारी चुणी पहिली आणि सगळ्यात खोल; बाकीच्या तिच्या धाकात. सगळ्या चुण्यांची खोली सारखी आली की धोतर पन्हाळी पत्र्यासारखं दिसतं, आणि तो दोष रंगानं झाकत नाही, उलट उठून दिसतो.

फेट्याच्या बाबतीत अडचण मापाची आहे. 1:12 च्या, म्हणजे खऱ्या माणसाच्या बाराव्या हिश्शाच्या, फिगरचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत जेमतेम 19 मिमी. केसांवरच फेटा चढवला आणि 3 मिमी वाढले, तर खऱ्या माणसाच्या मापात ते 36 मिमी होतात; चेहरा लहान पोराचा वाटायला लागतो. म्हणून आधी केस कवटीपर्यंत उतरवायचे. डोकं कडक गरम पाण्यात मिनिट-दोन मिनिटं ठेवलं की त्याचं पीव्हीसी प्लॅस्टिक मऊ पडतं, मानेच्या गोळ्यावरून सुटूनही येतं आणि नव्या पात्याच्या कटरनं पातळ काप निघतात. उकळत्या पाण्यात जास्त वेळ ठेवू नये, जबड्याचा आकार बिघडतो. मग एम-सीलचा आतला गाभा द्यायचा आणि रात्रभर सुकू द्यायचा. एम-सीलचा कण जाड आहे आणि ते लवकर ताठ होतं, त्यामुळं गाभ्यापलीकडं त्याचा उपयोग करू नये.

वरच्या वेढ्यांसाठी मिलिपुट आणि ग्रीन स्टफ या दोन बारीक कामाच्या एपॉक्सी पुट्ट्या निम्म्या-निम्म्या एकजीव करायच्या. टाल्कम पावडर भुरभुरून अर्धा मिमी जाडीचं लाटायचं आणि अर्धा-पाऊण तास तसंच ठेवायचं. ताज्या पुट्टीची कड पात्याबरोबर ओढली जाते, वर बोटांचे ठसे उमटतात. थांबल्यावर ती चिवट होते, तेव्हा 6 मिमी रुंदीच्या पट्ट्या स्वच्छ कापल्या जातात. पट्ट्या तिरक्या गुंडाळायच्या, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर एक तृतीयांश चढवून. तुमची दुरुस्ती नेमकी इथं कामी आली: सबंध पट्टी पातळ करत बसायचं नाही, दिसणारी कड तेवढी सुईच्या टोकानं खालून खरवडायची. जाडी डोळ्याला कडेवरच कळते. शेमला, म्हणजे फेट्याचं लोंबतं टोक, मात्र निव्वळ ग्रीन स्टफचा, कारण सुकल्यावरही ते किंचित लवतं. मिलिपुटचा पातळ शेमला पहिल्याच धक्क्यात तुटतो. तुरा वेगळा करायचा, आत तांब्याची बारीक तार घालून, पूर्ण वाळल्यावर चिकटवायचा.

आणि कान! पैलवानाचा मार बसून सुजलेला, गाठाळलेला कान कसा असतो हे कोल्हापूरकराला सांगायला नको. खासबाग मैदानात कुस्त्या बघणाऱ्या कुणाच्याही नजरेत तो पक्का बसलेला असतो. पण 1:12 मध्ये कान जेमतेम 5 मिमी उंच, आणि तेवढ्यात तो नुसताच चेचलेला दिसू नये, मुरलेला दिसावा, ही खरी कसोटी. तुम्ही म्हणालात, "पाळीला हात लावू नका." हे एक वाक्य सगळं बदलून गेलं. मार बसून रक्त साकळतं ते कूर्चेवर, आणि पाळीत कूर्चा नसते. म्हणून सूज कानाच्या वरच्या भागातच असते आणि खालची पाळी तशीच मऊ, मोकळी राहते. करायचं एवढंच: कानाच्या वरच्या खोलगट भागात सुईनं ओरखडे काढायचे, मोहरीएवढी पुट्टी बसवायची, ओल्या सुईनं कडेपर्यंत पसरायची आणि दोन खळगे पाडायचे, एक खोल आणि एक उथळ. दोन्ही सारखे पडले तर कान बटणासारखा होतो. दुसरा कान थोडा कमी बिघडलेला ठेवायचा. चेहऱ्याचं दुसरं काहीच न बदलता फिगर पैलवान होते.

ओलं फडकं घालून माल राखायची तुमची सवय मात्र आमच्या पुट्टीला चालत नाही, आणि ती का चालत नाही हे इथं नोंदवणं गरजेचं आहे. शाडू पाणी उडून वाळतो, म्हणून ओलं फडकं घातलं की तो थांबतो, आणि वाळताना आक्रसून तडकतो. पुट्टी रेझिन आणि हार्डनरच्या रासायनिक क्रियेनं घट्ट होते. फडक्यानं ती थांबत नाही. क्रिया उष्णतेनं वेगात होते, थंडाव्यात मंदावते. म्हणून मळलेली पुट्टी राखायची असेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये, आणि एप्रिल-मे महिन्यांत एका वेळी वाटाण्यापेक्षा जास्त मळायचीच नाही. त्या बदल्यात ती आक्रसत नाही, कालच्या थरावर आज दुसरा थर बिनधास्त चढतो. वाळलेला थर 220 नंबरच्या पॉलिशपेपरनं खरखरीत करून घेतला की पुरे.

मळण्यातच निम्मं काम बिघडतं. मिलिपुटच्या दोन्ही कांड्या समान घ्यायच्या आणि रेघ दिसेनाशी होईपर्यंत, किमान पाच मिनिटं, मळायच्या. रंगाची एक रेघ राहिली तर ती जागा कायम मऊ राहते आणि पेपर मारताना उपटून येते. ग्रीन स्टफची निळी-पिवळी पट्टी असेल तर मधला जोड 2 मिमी कापून टाकावा. तिथं दोन रंग आधीच भिडून कडक झालेले असतात आणि ते कण नंतर गालावर पुरळासारखे वर येतात. पिवळं जास्त झालं तर माल चिकट आणि लवचिक, निळं जास्त झालं तर कडक. मिलिपुटला पाण्याचं बोट चालतं, पण अगदी ओलसर. पाणी जास्त झालं की वर चिखल तयार होतो आणि त्याचा थर वाळल्यावर सुटतो. ग्रीन स्टफला पाणी किंवा हत्याराला पुसटसं व्हॅसलिन. त्यावर पेपर मारायचा विचारही करू नका, त्याचे धागे निघतात. जो गुळगुळीतपणा हवा तो ओलं असतानाच मिळवायचा.

सांध्यांबद्दल थोडक्यात. लंगोटाची किंवा धोतराची पुट्टी कंबरेच्या सांध्यात शिरली तर पाय कायमचा जाम. सांध्याच्या गोळ्याला व्हॅसलिनचा पातळ हात द्यायचा, पुट्टी अर्धवट ताठ झाल्यावर सांधा हळूच एकदा फिरवायचा आणि अर्धा मिमी फट मोकळी ठेवायची, कारण वर रंगाचीही जाडी येते. व्हॅसलिन दुसरीकडं लागलं तर तिथं पुट्टी धरणार नाही. त्याचप्रमाणं नव्या फिगरवर साच्याचं तेलकट असतं. भांड्याच्या साबणानं धुऊन, सुकवून, खरवडूनच सुरुवात करावी.

रंग अ‍ॅक्रेलिकचेच. मऊ पीव्हीसीवर स्प्रेच्या डब्यातला एनॅमल बहुतेक वेळा चिकटच राहतो, कारण प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य वर येऊन रंगात मिसळतं. आणि जून ते सप्टेंबर, आपल्याकडचा पाऊस लागलेला असताना, स्प्रेचा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारू नये. हवेतल्या ओलाव्यानं तो पांढरट, खरबरीत बसतो. त्या दिवसांत ब्रशनं दोन पातळ हात द्यावेत.

काका, तुमच्यासाठी मिलिपुट सुपरफाइन व्हाइटचं एक पाकीट बाजूला ठेवलंय. मूर्तीची बोटं किंवा दागिन्यांची टोकं वाहतुकीत तुटतात तिथं ते फार उपयोगी पडेल: तुटलेल्या दोन्ही तोंडांत बारीक भोक पाडून तार घालायची, वर पुट्टी, तासाभरात ताठ होऊ लागेल, दुसऱ्या दिवशी पेपर मारून रंग. फक्त शाडूसारखी उघड्या हातांनी रोज मळू नका. एपॉक्सीची कातडीला एकदा अ‍ॅलर्जी झाली की ती सहसा जात नाही, म्हणून सोबत नायट्राइलचे हातमोजेही देतोय. पेपर मारताना मास्क लावा, किंवा ओला पेपर वापरा म्हणजे धूळ उडणार नाही. हंगामात बोटांच्या दुरुस्त्या साचल्या तर नुसता निरोप धाडा, आम्ही हत्यारं घेऊन हजर.

तुमचीच,
फिगरवाली मंडळी
कोल्हापूर