भाऊ पाचवीत, बहीणही पाचवीत : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत पाचवीचा वर्ग घेतो. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं, पाडव्याच्या आगेमागे परततं. मागे राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह आहे. पण आई-बाप उसाच्या फडात असताना कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, तान्हं कोण सांभाळणार? म्हणून एक लेकरू आजीकडे राहतं, दुसरं कोयत्याबरोबर जातं.

2023 मध्ये पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली. 35 टक्के न मिळाल्यास पुनर्परीक्षा, तिथंही नाही जमलं तर पुन्हा तोच वर्ग. खरं सांगतो, तेव्हा मीही खूश झालो होतो. सगळ्यांना वर ढकलत राहायचा कंटाळा आला होता.

मग एप्रिलमध्ये एक पोरगा पेपरला बसला. बोटं पाचटानं कापलेली. गणिताच्या पेपरवर त्यानं नाव लिहिलं, हजेरी क्रमांक लिहिला, समास आखला आणि नंतर तासभर तो समासच गिरवत बसला. अपूर्णांक आम्ही जानेवारीत शिकवले, तेव्हा हा झोळीला झोके देत होता. जाताना शिक्षण हमी पत्रक दिलं होतं मी त्याला, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून. ते घडी न मोडता परत आणलं; शाळा फडापासून लांब होती म्हणाला. पुनर्परीक्षेआधीचं जादा मार्गदर्शन मे महिन्यात झालं, म्हणजे कसं झालं ते आपण जाणताच.

आता आजीकडे राहिलेली त्याची धाकटी बहीण चौथी पास होऊन त्याच्याच वर्गात आली आहे. हजेरीत त्याचं नाव घेतलं की तो मान वर करत नाही. "आलाय सर," तीच सांगते.

साहेब, शिक्षण हक्क कायद्याचं कलम 4 म्हणतं, शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घ्या आणि विशेष प्रशिक्षण द्या. म्हणजे दहा वर्षांचं शाळाबाह्य पोर सापडलं तर मी त्याला पाचवीत बसवायचं, आणि आपलंच पोर पाच महिने फडात गेलं तर त्याला मागं ठेवायचं! कलम 17 मानसिक छळाला मनाई करतं, ती वेगळीच. 2019 च्या दुरुस्तीनं मागं ठेवायची सक्ती केलेली नाही. कुणालाही मागं न ठेवण्याचा निर्णय राज्य सरकार घेऊ शकतं, असं त्यातच लिहिलं आहे. परीक्षा जरूर घ्या, कोण कुठं अडलंय ते आम्हाला कळतं. पण स्थलांतरित मुलांना मागं ठेवायचं थांबवा आणि पाडव्यानंतर त्यांच्यासाठी खरोखरचे वर्ग द्या, शिक्षकासकट.

मुकादमाची उचल, म्हणजे तोडणीचे आगाऊ पैसे, घरात आली आहे. दिवाळीनंतर तो पुन्हा जाईल. एप्रिलमध्ये त्याच्यापुढं मी तोच पेपर ठेवायचा का, तेवढं कळवावं.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक