होडी चालवणाराच पाण्यात पडला तर?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुंबई ते गोवा शिडाच्या होडीने केलेल्या सफरीवरचा लेख वाचला. दिवाळीनंतरचा निवळलेला समुद्र, दुपारी वायव्येकडून भरून येणारा वारा, जयगडच्या खाडीत नांगर टाकून काढलेली रात्र, सगळं छान उतरलं आहे. मात्र ‘कप्तान अनुभवी असला की बाकीच्यांनी निर्धास्त राहावं’ हे वाक्य मला अजिबात पटलं नाही. ते वाचून कोणी बायकामुलांसह निघालं तर धोका आहे, म्हणून हे पत्र.

माझे यजमान मर्चंट नेव्हीत होते. निवृत्तीनंतर त्यांनी अठ्ठावीस फुटी शिडाची होडी घेतली. होडीवर आम्ही दोघंच असतो. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, समुद्रातलं मला काही कळत नव्हतं. पहिल्याच हंगामात मी त्यांना विचारलं, “तुम्हीच पडलात तर मी काय करायचं?” तो सगळा हिवाळा आम्ही याच प्रश्नावर घालवला.

पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त जाणत्या माणसाचीच असते. पुढचं शीड अडकलं की नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, जाणार तो, आणि रात्री कठड्याला टेकून लघवीला उभा राहणार तोही तोच. पाहुणे मागे बसून असतात. होडी पाच नॉटने चालली असेल तर मिनिटाला दीडशे मीटर पुढे जाते. एवढ्या अंतरावरून लाटांमधलं माणसाचं डोकं तरंगत्या नारळाएवढंही दिसत नाही. म्हणून मागे राहिलेल्याला सगळ्यात आधी होडी थांबवता आली पाहिजे.

बहुतेकांचा हात इंजिनाच्या किल्लीकडे जातो. पण घाईत एखादी दोरी पाण्यात लोंबत असली की ती होडी ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यात गुंडाळली जाते आणि इंजिनही गेलं. मी शिकले ते असं: आधी तरंगतं कडं फेकायचं, जीपीएसवरचं माणूस पडल्याचं बटण दाबायचं आणि सुकाणू फिरवून नाळ वाऱ्यातून पलीकडे न्यायची. हे करताना पुढच्या शिडाची दोरी सोडायची नाही. शीड उलट्या अंगाने फुगतं. मग सुकाणूचा दांडा वारा जिकडे चालला आहे त्या बाजूला ढकलून बांधून टाकायचा. होडीचा सगळा जोर निघून जातो, ती जागच्या जागी हळूहळू सरकत राहते, आणि विचार करायला वेळ मिळतो. याला ताकद लागत नाही. बादली बांधलेला फेंडर (धक्क्याला होडी घासू नये म्हणून लावतात तो फुगा) पाण्यात टाकून आम्ही याचा सराव करतो, आणि त्या वेळी यजमानांनी एक शब्द बोलायचा नाही असा नियम आहे.

माणसापर्यंत पोचलं तरी त्याला वर घेणं हे सगळ्यात अवघड. आमच्या होडीचा काठ पाण्यापासून जवळजवळ मीटरभर उंच आहे. भिजलेला, गारठलेला ऐंशी किलोचा माणूस हातांनी ओढून वर घेणं धडधाकट तरुणालाही जमत नाही, मी तर साठी ओलांडलेली. आम्ही डोलकाठीवरून येणाऱ्या दोरीला सहा पदरी कप्पी लावून ठेवली आहे. गणिताने ऐंशी किलोला तेरा-चौदा किलोची ओढ पुरते, घर्षण धरून वीसेक. दाभोळच्या खाडीत पाणी स्थिर असताना यजमान स्वतः उतरले आणि मी त्यांना एकटीने वर घेतलं. कप्पीचा आकडा अडकवायला लाइफजॅकेटचा पट्टा लागतो. ते अंगात नसेल तर आकडा कशाला लावणार? त्यामुळे आमच्याकडे लाइफजॅकेट कपाटात राहत नाही, आणि अंधार पडला की होडीला बांधलेल्या पट्ट्याशिवाय कोणी बाहेर पाऊल टाकत नाही.

जवळपासच्या नौकांशी बोलायच्या व्हीएचएफ रेडिओशेजारी मी मराठीत लिहिलेला कागद चिकटवला आहे. चॅनल १६, तीनदा ‘मेडे’ (जीव धोक्यात असल्याची हाक), तीनदा होडीचं नाव, ठिकाण, काय झालं, किती माणसं. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोडं बाहेर गेलं की जाते, आणि फोन एकालाच ऐकू जातो. रेडिओवरची हाक जवळपासच्या ज्या ज्या नौकेचा सेट त्या चॅनलवर चालू आहे तिला ऐकू जाते. कोकणात सगळ्यात आधी पोचेल तो बहुधा मासेमारीचा ट्रॉलरच. रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक आहेच. घरी मुलीकडे आमचा मार्ग आणि पोचण्याची वेळ लिहिलेली असते. ४०६ मेगाहर्ट्‌झच्या ईपर्बच्या (संकटाचा संकेत उपग्रहाकडे पाठवणाऱ्या यंत्राच्या) नोंदणीत तिचाच नंबर आहे. उपग्रहाकडून संकेत आला तर आधी तिला फोन जाईल, म्हणून काय सांगायचं ते तिला पाठ आहे.

साधनं असून हाताशी नसली तर काय होतं, ते सप्टेंबर २०१८ मध्ये दिसलं. गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या शिडाच्या होडीवर जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत एकटे निघालेले अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडले. डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. जास्तीची संपर्कसाधनं ठेवलेली आपत्कालीन पिशवी होडीवरच होती, पण त्यांना तिथवर जाता येत नव्हतं. होडीच्या आत पडून राहिलेल्या टॉमींना फ्रेंच मत्स्यगस्ती नौका ‘ओसिरिस’ने तिसऱ्या दिवशी सोडवलं. इतका कसलेला नौसैनिक जर हलू शकला नाही, तर आपली पिशवी दूरच्या कप्प्यात, सामानाखाली कशी ठेवायची? आमची पायऱ्यांशेजारी टांगलेली असते.

घाबरलेला सोबती होडी सोडायची घाई करतो, तीही धोक्याचीच. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड-आयर्लंडजवळच्या समुद्रात झालेल्या फास्टनेट या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत वादळात १५ स्पर्धक मरण पावले. २४ होड्या सोडून दिल्या होत्या, त्यातल्या १९ नंतर सापडल्या. होडी सोडून जीव वाचवण्याच्या फुगवायच्या तराफ्यात उतरलेल्यांपैकी काहींचा मात्र जीव गेला. होडी पायाखालून जात नाही तोवर तिच्यावरच थांबायचं, हे सोबतच्या प्रत्येकाला निघण्यापूर्वी सांगितलं पाहिजे.

आपल्या किनाऱ्यावर शिडाची होडी शिकवणारे क्लब आणि संस्था आहेत. तिथे शिकवतात ते होडी चालवणाऱ्याला. सोबत जाणाऱ्या बायको-नवऱ्यासाठी, मुलांसाठी, मित्रांसाठी त्यांनी हंगामाच्या सुरुवातीला एक दिवसाचा वर्ग ठेवावा, मराठीत आणि प्रत्यक्ष पाण्यावर: होडी थांबवणं, रेडिओवर बोलणं, माणूस वर घेणं, एवढंच. जे भाड्याने होड्या देतात त्यांनी हा वर्ग केलेला दुसरा माणूस सोबत असल्याशिवाय होडी देऊ नये. आपल्या पुरवणीने पुढच्या लेखात हाही भाग घ्यावा, अशी विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी