कागदावरचा फिकट पट्टा : बायोमेडिकल इंजिनिअर सरांना आभारपत्र

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

केस कमी करण्याचं डायोड लेझर क्लिनिकमध्ये बसलं, सुरू झालं आणि पहिली तिमाही तपासणीही झाली. फोनवर आभार मानले होते, पण तेवढ्यावर भागणार नाही. तुम्ही जे दाखवलंत ते मशीन घ्यायला निघालेल्या प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाच्या हाती पडावं असं मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहोत.

तरंगलांबी निवडण्यापर्यंत आमचं आम्ही पोचलो होतो. विशिष्ट रंगद्रव्यालाच तापवायचं, आजूबाजूला धक्का लावायचा नाही, हे अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ साली मांडलेलं तत्त्व आम्ही शिकलेलो आहोत. आपल्याकडे येणारी त्वचा बहुतेक फिट्झपॅट्रिक या त्वचेच्या रंगाच्या मोजपट्टीवर चौथ्या-पाचव्या प्रकारची, म्हणजे सावळी. ७५५ नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट लेझर गोऱ्या त्वचेवर छान चालतं, पण सावळ्या त्वचेत वरच्या थरातलं मेलॅनिन हे रंगद्रव्यच बरीचशी ऊर्जा खाऊन टाकतं. १०६४ चं एनडी-याग लेझर गडद त्वचेला सर्वांत सुरक्षित, पण बारीक केसांवर कमी पडतं आणि दुखतंही जास्त. म्हणून मधलं ८१० चं डायोड घ्यायचं ठरलं. पुढे मात्र कोटेशनं समोर पसरून आम्ही वॅट, शॉट (म्हणजे प्रकाशाचे झटके) आणि किंमत एवढेच तीन रकाने बघत बसलो होतो.

तुम्ही एक माहितीपत्रक उलटं केलंत आणि मागच्या कोऱ्या बाजूला हिशोब मांडलात. हँडपीसची, म्हणजे हातात धरून त्वचेवर टेकवायच्या भागाची, टिप १२ बाय १२ मिलिमीटर, म्हणजे १.४४ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला २० ज्यूल हवे, तर एका शॉटला २८.८ ज्यूल. ते ३० मिलिसेकंदांत द्यायचे, तर ताकद लागते ९६० वॅट. त्या पत्रकातला हँडपीस होता ६०० वॅटचा. तो ३० मिलिसेकंदांत फार तर १८ ज्यूल देणार, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेबाराच. वीस पुरे करायला त्याला ४८ मिलिसेकंद लागणार. जाड केसाच्या मुळाला एवढा वेळ चालतो, बारीक केस मात्र तेवढ्यात उष्णता आजूबाजूला सोडून देतो. आणि त्या मशीनच्या पडद्यावर २० ज्यूल आणि ३० मिलिसेकंद दोन्ही एकदम निवडता येत होते! ‘यातला एक आकडा खरा नाही,’ एवढंच तुम्ही म्हणालात. गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे त्यात काही नव्हतं, तरी इतकी वर्षं अशी यंत्रं वापरणाऱ्या आम्हाला ते सुचलं नव्हतं.

शॉटचंही तसंच. ‘२ कोटी शॉट’ ऐकून माणूस हरखतो. सेकंदाला १० शॉटच्या वेगाने तासाला ३६ हजार होतात, म्हणजे २ कोटी साधारण ५५५ तासांत संपतात. हमी शॉटवर आहे की महिन्यांवर, आणि ‘जे आधी संपेल ते’ हे शब्द बारीक अक्षरांत आहेत का, हे पाहायला तुम्ही लावलंत. हँडपीस बदलायला समजा ३ लाख लागले आणि तो खरोखर १ कोटी शॉट चालला, तर शॉटला ३ पैसे पडतात. तोच ३० लाख शॉटनंतर बंद पडला तर १० पैसे. रुग्णाला दर सांगण्याआधी हा आकडा आपल्याला माहीत असायला हवा.

पण खरं ऋण डेमोच्या दिवसाचं आहे. एरवी डेमो म्हणजे कुणाच्या तरी हातावर चार शॉट आणि ‘दुखलं का?’ असा प्रश्न. तुम्ही ऊर्जामापक आणि बर्न पेपर (लेझरचा ठसा उमटतो तो कागद) घेऊन आलात. आधी यंत्र गार असताना मोजमाप घेतलंत, मग सलग १५ मिनिटं चालवून पुन्हा, कारण डायोड तापला की उत्पादन उतरतं आणि पडदा ते सांगेलच असं नाही. वैद्यकीय लेझरसाठीच्या आयईसी ६०६०१-२-२२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे निवडलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला आकडा यांत २० टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही, हे विक्रेत्यासमोर शांतपणे सांगितलंत. मग सगळ्यांना गॉगल लावायला सांगून, टिपेला काजळी लागू नये म्हणून कागदावर पारदर्शक फिल्म ठेवून, कमी ऊर्जेवर एकच शॉट. चौकोन उमटला, पण डावीकडे एक फिकट पट्टा. हँडपीसमधली एक डायोड पट्टी मेलेली होती.

तो कागद आम्ही खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहत होतो. हीच टिप पायावर फिरली असती तर चौकोनाच्या एका बाजूला ऊर्जा कमी पडली असती, सहा-आठ आठवड्यांनी केस पट्ट्यापट्ट्यांनी उगवले असते आणि दोष गेला असता तंत्रज्ञ मुलीच्या हाताला. शॉट नीट जोडून दिले नाहीत, असं म्हणून आपण तिलाच बोललो असतो. ही गोष्ट आम्हाला फार लागली.

गारव्याबद्दल तुम्ही सांगितलेलं कोकणपट्टीतल्या प्रत्येक क्लिनिकने लिहून ठेवावं. जुलैत मुंबईची हवा २९ अंश आणि दमटपणा ८५ टक्के असला, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते तो आकडा, २६ च्या आसपास येतो. डायोड गार ठेवणाऱ्या चिलरचं पाणी २० अंशांवर. म्हणजे एसी लावायच्या आधी यंत्र सुरू केलं, तर हँडपीसच्या आत डायोडवरच पाणी सुटतं. टिपेवरचा ओलावा पुसता येतो, आतला नाही. खोली २४ अंश आणि ५५ टक्क्यांवर आली की दवबिंदू १४-१५ वर उतरतो आणि धोका टळतो. तेव्हा सकाळी आधी एसी, दार बंद, अर्ध्या तासाने यंत्र. संध्याकाळी उलटं: आधी यंत्र बंद, मग एसी. खोलीत दमटपणा दाखवणारं छोटं मीटर भिंतीला हवंच. टाकीत पाणी मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घालायचं. बाटलीबंद पिण्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यातले क्षार डायोडमागच्या केसासारख्या बारीक वाटांत बसतात.

टिपेवर जळलेल्या केसाचा काळा ठिपका राहिला की तो प्रत्येक शॉटला तापतो आणि त्वचेवर त्याच जागी तसाच ठिपका भाजतो. म्हणून नीट दाढी केलेली त्वचा, पुरेसं जेल आणि मधूनमधून टिप पुसणं. हे साधं आहे, पण एकाच आकाराच्या भाजल्याच्या खुणा ओळीने दिसल्या की कारण हेच असतं, हे तुमच्याकडून कळलं.

कागदपत्रांत तुम्ही आमचे पुष्कळ पैसे वाचवलेत. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ खाली आयात परवाना एमडी-१५ या नमुन्यात मिळतो. त्याची प्रत मागायची आणि त्यावरचं मॉडेलचं नाव यंत्रामागच्या पट्टीशी अक्षरशः जुळवायचं. नुसता सीई हा युरोपीय मान्यतेचा शिक्का पुरत नाही, अशा वैद्यकीय लेझरवर त्याच्याशेजारी तपासणी संस्थेचा चार आकडी क्रमांक हवा. वार्षिक करार एएमसी (फक्त देखभाल) की सीएमसी (सुट्या भागांसकट देखभाल), आणि सीएमसी असेल तर त्यात हँडपीस धरला आहे की ‘उपभोग्य वस्तू’ म्हणून वगळला आहे? बिघाड झाल्यावर किती तासांत माणूस येणार, तो कुठल्या शहरात बसतो, तोवर पर्यायी हँडपीस मिळणार का? तोंडी ‘हो सर, नक्की’ खूप मिळतात. तुमच्या आग्रहामुळे ही सगळी उत्तरं खरेदी आदेशावर लिहून घेतली.

वीज आणि गॉगलचंही मार्गी लागलं. यंत्रासाठी वेगळी लाइन ओढली, न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाब २ व्होल्टच्या आत आणला. गॉगलच्या काचेवर तरंगलांबी आणि ओडी (काच प्रकाश किती अडवते तो आकडा) दोन्ही छापलेले पाहूनच घेतले. आयपीएलचे (लेझरऐवजी तीव्र प्रकाशाच्या झटक्यांवर चालणाऱ्या यंत्राचे) जुने गॉगल दिसायला सारखेच होते, ते खोलीतून काढून टाकले.

एवढा वेळ देऊनही तुम्ही कुठल्याच कंपनीचं नाव सुचवलं नाहीत. यादीतली दोन मशीनं आमची आम्हीच बाद केली, तिसरं घेतलं. नोंदवहीच्या पहिल्या पानावर पहिल्या दिवसाचा बर्न पेपर चिकटवला आहे, चारही कडांपर्यंत एकसारखा. पुढच्या तिमाहींसाठी त्याच पानावर जागा सोडली आहे. मीटरच्या कॅलिब्रेशनची तारीख जवळ आली असेल तर कळवा, या वेळी तो खर्च आम्हाला करू द्या.

आपले ऋणी,
क्लिनिकमधले सगळे डॉक्टर आणि तंत्रज्ञ