लोंबोकला त्या दिवशी तुम्ही दोघंच

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की बाबा "बघू" म्हणून विषय मिटवतात आणि आई "जेवलीस का"वर येते. म्हणून लिहून पाठवते आहे. दादाला मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून द्यायला सांगितलंय.

इंडोनेशियातल्या आपल्या लोंबोक सहलीच्या तारखा त्याच आहेत, हॉटेल तेच आहे, घाबरू नका. एकच बदल आहे. ३० जूनला सेनारूला धबधबे आणि जुनं गाव बघायला जायचं ठरलं होतं ना, त्या दिवशी मी बरोबर नसेन. तुम्ही दोघं, गाडी, ड्रायव्हर आणि एक गाईड. पैसे भरून झालेत, परत मिळणार नाहीत. (हे वाक्य बाबांसाठी.)

आमची तिमाही नेमकी त्याच दिवशी संपते. जकार्ताचं ऑफिस मला इतके दिवस बेटावर बसून काम करू देतंय हेच पुष्कळ झालं. त्या एका दिवशी मी फोनला रेंज नसलेल्या डोंगरात असून चालणार नाही. आदल्या दिवशी जावं, तर तुम्ही त्याच्या आदल्या रात्री विमानातून उतरलेले असणार, आणि लागोपाठ दगदग मी तुम्हाला करू देणार नाही. पुढे ढकलावं, तर बाबांची तपासणीची तारीख. ती मी हलवणार नाही, आणि मागच्या दिवाळीनंतर तुम्हीही हलवायची नाही. रद्दच करावं, तर मग लोंबोकला येऊन बघितलं काय? हॉटेलचा स्विमिंग पूल? निखिलशी बोलले, दादाशी बोलले. दोघंही म्हणाले हेच बरं. दादा म्हणजे मान हलवत होता, मागे मॅच चालू होती, पण ते चालतं.

मी सेंगिगीच्या हॉटेलातच असेन. तुम्ही सकाळी आठला निघाल तेव्हा तुम्हाला गाडीत बसवून देईन, संध्याकाळी पाच-साडेपाचला परत याल तेव्हा खाली उभी असेन. मधले नऊ-साडेनऊ तास काय ते.

बाबा, गाईड या जमातीबद्दलचं तुमचं मत घरात सगळ्यांना पाठ आहे. मी हंपीचा विषय काढत नाही, तुम्हीही काढू नका. पण ही बाई सेनारूचीच आहे. तिथल्या बायका गाईडचं काम करतात, आणि मी मुद्दाम बाई मागून घेतली, म्हणजे आईला बाथरूमपासून सगळं विचारता येईल. शिवाय ते गाव म्हणजे म्युझियम नाही, तिथे माणसं राहतात. कुठल्या घरात वाकून जायचं आणि कुठल्या दाराशी थांबायचं हे गावातलंच माणूस सांगणार. तुम्ही तिला तिच्या कामाबद्दल विचारा, इतिहासाची परीक्षा घेऊ नका.

आता रस्ता. सेंगिगीहून सेनारू दोन-अडीच तास. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे आईला धसके बसणार नाहीत. सुरुवातीचा बराच वेळ डाव्या हाताला समुद्र आहे, रस्ता टेकड्यांवरून वर-खाली जातो. हवा स्वच्छ असली तर पलीकडे बालीचा आगुंग पर्वत दिसतो. बाबा, ती मधली सामुद्रधुनी तुमच्या कामाची. आल्फ्रेड वॉलेस हा निसर्ग-अभ्यासक १८५६ साली बालीहून इकडे आला आणि एवढंसं पाणी ओलांडल्यावर पक्षीच बदलले हे त्याच्या लक्षात आलं. इकडे काकाकुवे, तिकडे नाहीत. कारण तिथला समुद्र फार खोल आहे. हिमयुगात पाणी उतरलं तेव्हाही बाली आणि लोंबोक जमिनीनं जोडले गेले नाहीत. हे आईला गाडीत सांगा, पण वळणं संपल्यावर. आई, तुझी गोळी निघायच्या अर्धा तास आधी. ओवा पुरत नाही हे मान्य कर आता.

सेनारू रिंजानी ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे. रिंजानी ३७२६ मीटर, त्यामुळे तिथे सेंगिगीपेक्षा गार असतं. आईची ती पातळ शाल पुरेल, स्वेटर नको.

धबधबे दोन. पहिला सेंदांग गिले, तीस मीटरच्या आसपास, दोन टप्प्यांत पडतो. फाटकापासून तिथपर्यंत बांधलेल्या पायऱ्या आहेत, पण पुष्कळ आहेत, आणि जाताना उतरायच्या म्हणजे येताना चढायच्या. हे बाबा उतरताना विसरतात. दर वळणावर थांबा, दमला नसलात तरी थांबा. गाईडला मी तसं सांगून ठेवलंय, ती स्वतः फोटो काढायच्या निमित्तानं थांबेल. तुम्हाला कळणारही नाही. (आता कळलं, पण असू दे.) माकडं आहेत. आई, हातात पिशवी धरायची नाही, पाठीवरची सॅक. आणि "एक केळं देऊ का बिचाऱ्याला" हे अजिबात नाही.

मी गेले होते तेव्हा सेंदांग गिलेच्या समोर एका दगडावर नुसती बसले होते. पाणी वरच्या झाडोऱ्यातून एकदम बाहेर येतं, कडा दिसतच नाही, आणि खाली फवारा इतका बारीक उडतो की चष्म्यावर आधी धुकं येतं, मग थेंब. तेवढ्यासाठी एक कोरडा रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. तिथे हवं तेवढा वेळ बसा, घाई काहीच नाही.

दुसरा धबधबा तिउ केलेप. तिथे तुम्ही जायचं नाही.

बाबा, पत्र खाली ठेवू नका, पुढे वाचा. तिउ केलेप मोठा आहे, देखणा आहे, सगळे त्याचेच फोटो टाकतात, मान्य. पण पहिल्याच्या पुढे अर्धा तास चालायचं, आधी पायऱ्या चढून, मग ओढ्याच्या पाण्यातून, गुळगुळीत धोंड्यांवर. मला गुडघाभर पाणी लागलं होतं आणि निखिलचा हात सोडवत नव्हता. तुमचा डावा गुडघा, वर नवीन औषधं, आणि डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मी तिथे बसून ऐकलंय. त्या पाण्यात नाहलं की वय एका वर्षानं कमी होतं अशी तिथली समजूत आहे. आई, तू त्यांना आत्ताच सांगून ठेव, आहे ते वय बरं आहे.

तुम्हाला तिकडे ओढणार आहे ते पाणी नाही, कालवा आहे, हे मला माहीत आहे. डोंगराच्या कडेनं पाणी खालच्या भातशेतीकडे नेलंय, काही ठिकाणी बोगद्यातून, आणि दोन धबधब्यांच्या मधे त्याच्यावर काँक्रीटचा पूल आहे. पाटबंधारे खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला हे बघू नको म्हणणं मलाही जमत नाही. तर असं करा: दम नसेल लागला तर पुलापर्यंत जा, गाईडला बरोबर घेऊन, आई खाली बसेल. पाणी किती वेगानं येतं, कुठे वळवलंय, सगळं बघा, वहीत काढा. पूल ओलांडायचा नाही. धरणाचे दरवाजे उघडायचे तेव्हा तुम्ही मला स्कूटरवरून न्यायचात आणि काठापासून लांब खडूनं रेघ ओढायचात, ह्याच्या पुढे यायचं नाही म्हणून. मी कधीतरी पुढे आले का? तशीच ही रेघ आहे.

हा पुढचा परिच्छेद बाबांनी मनात वाचावा. आई चष्मा सापडत नाही म्हणून तुम्हाला मोठ्यानं वाचायला लावते, तेव्हा हा गाळा. भूकंपाबद्दल तुम्ही दादाला विचारलंत म्हणे, मला नाही विचारलंत. २०१८ च्या ५ ऑगस्टला उत्तर लोंबोकमध्ये ६.९ चा भूकंप झाला आणि त्या हंगामात पाचशेहून जास्त माणसं गेली. तुम्ही जाताय तोच भाग. २०१९ च्या मार्चमध्ये एका लहान भूकंपानं तिउ केलेपजवळ दरड कोसळली, त्यात पर्यटक गेले. भूकंप सांगून येत नाही, त्याचं माझ्याकडे उत्तर नाही. पण अरुंद घळीत, कड्याखाली तास काढायचा नाही एवढं माझ्या हातात आहे, ते मी केलंय. जून कोरड्या हंगामात येतो. तरीही पाऊस लागला किंवा पाणी गढूळ दिसलं आणि गाईड म्हणाली वळा, तर वळायचं. चर्चा नाही.

आई, आता तुझा भाग. धबधब्यानंतर सेनारूचं जुनं गाव. बांबूच्या भिंती, गवती छपरं, घरं समोरासमोर ओळीत, आणि मधे सहा खांबांचे उघडे मांडव, त्यांना बेरुगा म्हणतात. लोक दिवसभर तिथेच बसतात, पाहुणाही तिथेच बसवतात. घराचं दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. बाबा, डोकं! आत अंधार, एका बाजूला चूल, आणि घरातच खांबांवर उचललेली एक बांबूची खोली, धान्य नि घरातलं मोलाचं काही ठेवायची. आमचा गाईड सांगत होता, भूकंपात विटांची घरं पडली आणि ही हलून पुन्हा उभी राहिली.

मी बघितलेली एक आजी तुला भेटावी असं फार वाटतं. बेरुगावर पाय दुमडून बसली होती. दात नव्हते, म्हणून पान, सुपारी, चुना एका लहानशा नळीत घालून सळईनं कुटत होती. टक, टक, मधेच आत डोकावून बघायची, पुन्हा टक टक. मग तो गोळा गालात ठेवून माझ्याकडे बघून हसली, सगळे ओठ लाल. तुला भाषा लागणार नाही. तू नुसती शेजारी बस.

साडी नेसायची का, हे तू तीनदा विचारलंस. पंजाबी ड्रेस घाल, ओढणीसकट, पायऱ्यांसाठी तेच बरं. इथले सासाक लोक मुस्लिम आहेत, खांदे-गुडघे झाकलेले असले की झालं. शेजारी बायानला बांबूच्या भिंतींची फार जुनी मशीद आहे, ती ठरावीक सणांनाच उघडते, बाहेरूनच बघा. फोटो विचारून काढा. देणगीची पेटी असते, त्यात टाका, कुणाच्या हातात देऊ नका. विणलेलं काही आवडलं तर घे, पण घासाघीस जपून. त्या बाईनं ते आठवडेच्या आठवडे बसून केलेलं असतं.

परतताना, म्हणजे विमानतळाकडे जायच्या दिवशी, सादे गावात थांबू, तेव्हा मीही आहे. तिथे घरातली जमीन अजून म्हशीच्या शेणानं सारवतात. आजी सारवायची तेव्हा तू मला ओट्यावर बसवून ठेवायचीस, वाळेपर्यंत पाय खाली टाकायचे नाहीत म्हणून, आणि कंटाळले की गुळाचा खडा. मला तो वास तुझ्याबरोबर घ्यायचाय, म्हणून तेवढं गाव मी मागे ठेवलंय.

जेवण. इथे घात करते ती तेरासी, म्हणजे बारीक कोळंबी वाटून, आंबवून केलेला गोळा. भाजीत दिसत नाही, पण असते, अगदी कांगकुंगच्या पालेभाजीतही. गाईडला सांगून झालंय, तरी हॉटेलात बसलात की तूही म्हण: "तानपा तेरासी", म्हणजे तेरासीशिवाय. पांढरा भात, तळलेलं टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू, फळं, हे बिनधास्त खा. दशम्या नि तुझा चिवडा असेलच, नको म्हणून तू थोडीच ऐकणार. गावात कॉफी देतील, त्यात तांदूळ भाजून मिसळलेला असतो, चव वेगळीच लागते. खाली गाळ बसतो, शेवटचे दोन घोट सोडा. बाबा, साखर आधीच घातलेली असते, "तानपा गुला" म्हणा. मी तिथे नाही म्हणून डबल साखर, असं चालणार नाही. आई बघते आहे.

पैशांचे शून्य बघून दचकू नका. एक लाखाची लाल नोट म्हणजे आपले पाचशेच्या आसपास. मी दहा आणि वीस हजारांच्या नोटा सुट्या करून पाकिटात देईन, जांभळ्या दहाच्या, हिरव्या वीसच्या. बाबांनी प्रत्येक वेळी रुपयात गणित करायचं नाही, चहा गार होतो.

मोबाईल चार्ज. गोळ्या दोघांच्या वेगवेगळ्या डब्यात. आईनं नवे बूट आत्तापासून घरात घालून फिरावं, तिथे जाऊन पहिल्यांदा नाही. दुपारी गावात पोचलात की मला एक फोन, रेंज लागली तर. नाही लागली तर गाईड मेसेज टाकेल. मी मीटिंगमध्ये असले तरी उचलेन.

मला बरोबर यायचं होतं, बाबा. पुढच्या वेळी नक्की, आणि तेव्हा गुडघा बरा असेल तर पुलाच्या पलीकडचंही बोलू.

तुमची,
ठमी

ता. क. इथे पोचल्याच्या तारखेपासून पासपोर्टला किमान सहा महिने मुदत लागते. आईचा मी बघितलाय, बाबांचा नाही. व्हिसा विमानतळावर मिळतो, माणशी पाच लाख रुपिया, पण मी ऑनलाइनच काढून टाकते. त्यासाठी बाबांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो दादाकडून पाठवून द्या. सरळ धरून काढायला सांगा, मागच्या वेळी अर्धा अंगठा आला होता.