माडीवर माणसे राहतात, माळ्यावर नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या नाशकातल्या वाड्याच्या कालच्या बातमीत ‘तिसऱ्या माळ्यावरील कुटुंब थोडक्यात बचावले’ असे छापले आहे. तो वाडा आमच्या गल्लीतला. त्याला तिसरा मजलाच नाही. खाली ओटा-ओसरी, वर माडी आणि माडीच्या डोक्यावर, कौलांखाली, माळा. तिथे कुणी कसे राहील? ताठ उभे राहिले तर वाशाला डोके लागते. शिडी लावायची, हंडे-पातेली, जुना बंब, गणपतीची मखर, जास्तीच्या गोधड्या वर टाकायच्या आणि उतरायचे. परवाच्या पावसात कुजलेल्या फळ्या निखळून खाली माडीत पडल्या, इतकेच.

मुंबईच्या चाळीत माळा म्हणजे मजला, हे मान्य. पण नाशिकची बातमी नाशिककरांच्या बोलीत लिहायला काय हरकत आहे? मागे एका पावसाळ्यात आमच्याच वाड्याबद्दल ‘दुसरा माळा कोसळला’ असे आपल्याकडे छापून आले होते. पडला होता सामानाचा माळा. माझी लेक गिरगावात दिली आहे. तिने वाचले आणि अख्खा मजला बसला असे धरून चालली. त्यात आमचा फोन लागेना. तान्ह्या मुलाला घेऊन ती भर पावसात कसारा घाटातून रात्री इथे पोचली. मला दारात धडधाकट उभी पाहिली आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. तो संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

बांधकामाच्या नियमांतही या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर लागते, तर सामानाच्या माळ्याची १.५ मीटरच्या वर चालत नाही. माळ्याच्या फळ्या सुतार बदलून देतो. मजला कोसळला म्हटले की वाडा रिकामा करा, हीच भाषा सुरू होते. मालक-भाडेकरूंचे वाद चालू असताना असे कात्रण कुणाच्या हाती लागते आणि कशासाठी वापरले जाते, हे जुन्या गावठाणात राहणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि छायाचित्र तरी त्याच वाड्याचे छापायचे होते. तुम्ही छापलेल्या वाड्याला नक्षीदार सागवानी खांब आहेत, आमच्या गल्लीत तसा एकही वाडा नाही.

दोन्हींची दुरुस्ती त्याच पानावर, ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

– एक वाचक, जुने नाशिक